घरी नवा राउटर बसवताना: जोडणीपासून सुरक्षेपर्यंत

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या अनेक वस्त्यांत आता फायबरची तार खांबावरून थेट घरात येते. जोडणीसाठी आलेला टेक्निशियन खिडकीजवळ पेटी बसवतो, दिवे लागले की मोबाइलवर एखादा व्हिडिओ चालवून दाखवतो, वायफायचा पासवर्ड म्हणून बहुधा घरमालकाचाच मोबाइल क्रमांक टाकतो आणि पुढच्या घरी निघून जातो. नेट सुरू झालेले असल्याने त्या पेटीकडे पुन्हा कोणी पाहत नाही. वास्तविक काम तेव्हा निम्मेच झालेले असते. राउटर घरात कोठे असावा, त्याच्या आत शिरण्याचा पासवर्ड कोणाकडे असावा, शेजाऱ्यांच्या वायफायच्या गर्दीत त्याने कोणत्या चॅनेलवर चालावे, या गोष्टी जोडणी देणारी कंपनी ठरवत नाही. त्या घरच्यांनीच ठरवायच्या असतात आणि त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. एखादी निवांत दुपार आणि थोडा धीर पुरतो.

कोणती पेटी कशासाठी

फायबरच्या जोडणीत दोन कामे असतात. तारेतून आलेल्या प्रकाशाचे नेटवर्कच्या संकेतात रूपांतर करणे हे पहिले काम, आणि ते ओएनटी नावाची पेटी करते. त्या एका जोडणीवर घरातील सर्व मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप चालवणे हे दुसरे काम, ते राउटरचे. बऱ्याच कंपन्या ही दोन्ही कामे एकाच पेटीत करून देतात. काही ठिकाणी ओएनटी वेगळी आणि राउटर वेगळा असतो, तर स्थानिक केबलवाल्यांकडून जोडणी घेतलेल्या काही इमारतींत फायबर फक्त गच्चीवरील किंवा खांबावरील स्विचपर्यंत, म्हणजे अनेक घरांना नेट वाटणाऱ्या पेटीपर्यंत, येते आणि तेथून घरात साधी तांब्याची लॅन केबल सोडलेली असते. आपल्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे हे आधी पाहून घ्यावे, कारण पुढील जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे.

ओएनटीला जाणाऱ्या बारीक पिवळ्या किंवा पांढऱ्या तारेच्या टोकाला बहुधा हिरवे कनेक्टर असते. ते विनाकारण काढू नये, तार काटकोनात दुमडू नये आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातून येणारा लेसर अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, पण म्हणून तो नाही असे नव्हे. पेटीवरील ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरची लाइन ठीक आहे. ‘एलओएस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे तार कोठेतरी तुटली, सुटली किंवा दुमडली आहे. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही. सरळ तक्रार नोंदवावी.

टेक्निशियन जाण्यापूर्वी

जोडणी देणारा माणूस दारात असताना ज्या गोष्टी एका मिनिटात कळतात, त्याच नंतर ग्राहक सेवेच्या क्रमांकावरून मिळवताना अर्धा दिवस जातो. म्हणून त्याला चहा देतानाच पुढील माहिती विचारून कागदावर लिहून घ्यावी. जोडणी ‘पीपीपीओई’ पद्धतीची, म्हणजे युजरनेम-पासवर्ड भरल्यावरच सुरू होणारी, आहे का, असल्यास तिचे युजरनेम आणि पासवर्ड काय. व्हीलॅन क्रमांक, म्हणजे एकाच तारेवरील वेगवेगळ्या सेवा ओळखण्याचा क्रमांक, द्यावा लागतो का. ओएनटी ‘ब्रिज’ पद्धतीने चालते, म्हणजे नेट नुसते पुढे देते, की ‘राउटिंग’ पद्धतीने, म्हणजे स्वतःच राउटरचेही काम करते. आणि पेटीच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड कोणता.

आणखी एक प्रश्न स्थानिक सेवा देणाऱ्यांना अवश्य विचारावा: मॅक अॅड्रेस बांधलेला आहे का? प्रत्येक नेटवर्क उपकरणाला कारखान्यातूनच एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. काही सेवा देणारे ग्राहकाच्या पहिल्या उपकरणाचा हा क्रमांक नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला नेट देत नाहीत. जुना राउटर काढून नवा लावला, सर्व सेटिंग अचूक भरले, तरी नेट येत नाही, यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. त्यांना दूरध्वनी करून नवा क्रमांक नोंदवता येतो, किंवा राउटरमधील ‘मॅक क्लोन’ या सोयीने जुन्या उपकरणाचा क्रमांक नव्याला देता येतो.

हा कागद लाइट बिलाच्या फाइलमध्ये ठेवावा. मोबाइलमध्ये काढलेला फोटो ऐन वेळी सापडत नाही.

राउटर स्वतः विकत घेणार असाल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. प्लॅन १०० एमबीपीएसपेक्षा जास्त वेगाचा असेल, तर राउटरचे पोर्ट, म्हणजे केबल लावण्याची छिद्रे, गिगाबिट (१००० एमबीपीएसची) असली पाहिजेत; खोक्यावर मोठ्या अक्षरांत कितीही आकडे छापलेले असोत, पोर्ट ‘१०/१००’ असेल तर वेग ९५ एमबीपीएसच्या आसपासच अडतो. दुसरे म्हणजे तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर चालणारा असावा. अँटेनांच्या संख्येवर भुलू नये.

जागा कोणती

या बाबतीत घाई करू नये, कारण चुकीच्या जागी ठेवलेला महागडा राउटर योग्य जागी ठेवलेल्या साध्या राउटरपुढे फिका पडतो. वायफायच्या लहरी सर्व बाजूंना पसरतात, म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी असावा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, माळ्यावर, मोठ्या आरशाजवळ किंवा पाण्याच्या टाकीला लागून तो ठेवू नये. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो, त्यामुळे स्वयंपाकघरातील ओट्याशेजारची जागाही टाळावी.

सांगलीच्या गावभागातील जुन्या वाड्यांच्या जाड दगडमातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जेमतेम पलीकडे जातात, आणि विश्रामबागेतील नव्या इमारतींत दोन मजल्यांमधील स्लॅबच्या सळ्या तेच करतात. अशा घरांत एकाच राउटरकडून सगळ्या खोल्यांची अपेक्षा ठेवू नये.

नदीकाठच्या सांगलीकरांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी शहराच्या सखल भागांत घरांत शिरले होते. आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडू लागली की ज्यांना सामान वरच्या मजल्यावर हलवावे लागते, त्यांनी ओएनटी आणि राउटर सुरुवातीलाच वर बसवून घ्यावेत. फायबरची तार नंतर वर नेण्यासाठी नव्याने जोड द्यावा लागतो, आणि पुराच्या दिवसांत तो देणारा कोणी मिळत नाही.

तार जेथून घरात येते, तेथेच राउटर ठेवला पाहिजे असे मात्र नाही. ओएनटी खिडकीजवळ राहू द्यावी आणि तिच्यापासून राउटरपर्यंत लॅन केबल ओढावी. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे कोणत्याही घराला पुरून उरते. कॅट ६ प्रतीची आणि शुद्ध तांब्याची केबल मागावी. दुकानात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही त्याच नावाने मिळते. ती स्वस्त असते, पण वळवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. एकाच पेटीत ओएनटी आणि राउटर दोन्ही असतील, तर टेक्निशियनलाच फायबर मधल्या खोलीपर्यंत आणायला सांगावे.

वीज आणि विजा

लाइट गेली की ओएनटी आणि राउटर दोन्ही बंद पडतात. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्हींचे प्लग त्याच्या लाइनवर घ्यावेत. केवळ राउटर घेतला आणि ओएनटी विसरली, तर वायफाय दिसते पण नेट नसते. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेण्यापूर्वी दोन्ही अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ व्होल्टवर. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर मात्र यूपीएसचे जास्त असले तरी चालतात. पिन बसते म्हणून दुसऱ्याचा अडॅप्टर लावणे हा राउटर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

वळवाच्या दिवसांत वेगळी काळजी लागते. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण खांबावरून आलेली तांब्याची लॅन केबल नेते. जवळपास वीज पडली तर तिच्यातून येणारा झटका राउटरचे पोर्ट जाळतो आणि कधी त्याला जोडलेला संगणकही. अशी जोडणी असणाऱ्यांनी गडगडाट सुरू झाला की भिंतीवरचा प्लग काढून थांबू नये, बाहेरून आलेली केबलही काढून ठेवावी. तासगाव, पलूसकडच्या मळ्यांतील एकट्या घरांना हे विशेष लागू आहे.

प्रत्यक्ष जोडणी

सर्व उपकरणे बंद असताना ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या पोर्टमध्ये लावावी. या पोर्टचा रंग बहुधा इतर पोर्टपेक्षा वेगळा असतो, पण रंगावर न जाता अक्षरे वाचावीत. आधी ओएनटी सुरू करावी, पॉनचा दिवा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच राउटर सुरू करावा.

राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर वायफायचे मूळ नाव, पासवर्ड आणि एक पत्ता छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. लॅपटॉप असेल तर तो केबलने राउटरच्या लॅन पोर्टला जोडावा. मोबाइलवरून काम करायचे असेल तर आधी मोबाइल डेटा बंद करावा. नव्या राउटरवर अजून इंटरनेट नसते, त्यामुळे मोबाइल ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ असे म्हणून गुपचूप डेटावर जातो आणि राउटरचे पान उघडतच नाही. ‘राउटर खराब निघाला’ म्हणून दुकानात परत नेलेल्या पेट्यांपैकी कित्येकांचा दोष एवढाच असावा.

मग ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत तो पत्ता इंग्रजी अंकांत टाइप करावा. गूगलच्या शोधाचे पान उघडले, तर पत्त्यात कोठेतरी रिकामी जागा पडली आहे असे समजावे. ‘ही जोडणी खासगी नाही’ अशी सूचना ब्राउझर दाखवू शकतो. स्वतःच्या घरातील राउटरच्या पत्त्यावर ती आली तर पुढे जायला हरकत नाही, बँकेच्या संकेतस्थळावर आली तर मुळीच जाऊ नये. कंपन्या त्यांचे अॅप घ्यायला सुचवतात आणि ते सोपेही असते, पण ब्राउझरमधील पानावर सर्व सेटिंग दिसतात, म्हणून पहिली मांडणी तेथूनच करावी.

पान उघडताच सर्वप्रथम अॅडमिन पासवर्ड बदलावा. हा वायफायचा पासवर्ड नव्हे. वायफायच्या पासवर्डने माणूस नेट वापरतो. अॅडमिन पासवर्डने तो राउटरच आपल्या ताब्यात घेऊ शकतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने काबीज केले, ते कोणत्याही अवघड युक्तीने नव्हे, तर कारखान्यातील नाव-पासवर्डांची यादी एकामागून एक वापरून. पाहुण्यांना द्यायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड कधीही एक नसावा.

इंटरनेटचे सेटिंग

‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या विभागात जोडणीचा प्रकार निवडावा लागतो. ओएनटी ब्रिज पद्धतीची असेल किंवा केबलवाल्यांची थेट लॅन केबल असेल, आणि सेवा देणाऱ्याने युजरनेम दिलेले असेल, तर येथे पीपीपीओई निवडून ते भरावे. व्हीलॅन क्रमांक दिलेला असेल तर तोही येथेच भरतात; काही राउटरमध्ये त्यासाठी ‘आयपीटीव्ही’ नावाचे वेगळे पान असते, हे कोणालाही सहज सुचत नाही. स्टेटसच्या पानावर ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ अशा अर्थाचा संदेश आला, तर युजरनेम, पासवर्ड किंवा थकलेले बिल तपासावे. समोरून उत्तरच येत नाही असा संदेश असेल, तर दोष केबलमध्ये, व्हीलॅनमध्ये किंवा मॅक अॅड्रेसमध्ये शोधावा. हे दोन संदेश वेगळे ओळखता आले की निम्मी शोधाशोध वाचते.

ओएनटी स्वतःच राउटरचेही काम करत असेल, तर आपल्या राउटरमध्ये ‘डायनॅमिक आयपी’ निवडावे. येथे एक गुंता होतो. दोन्ही पेट्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर राउटर गोंधळतो आणि नेट चालत नाही. आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ असा काही करावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे आपला राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ पद्धतीवर टाकणे. मग राउटरचे काम एकटी ओएनटी करते, आपली पेटी केवळ वायफाय पसरवते आणि एकामागे एक दोन राउटर असल्याने गेम किंवा कॅमेऱ्यांना येणाऱ्या अडचणी राहत नाहीत. बहुतेक घरांना मी हाच मार्ग सुचवीन.

ज्यांना मळ्यातील किंवा दुकानातील सीसीटीव्ही बाहेरून पाहायचा आहे, त्यांनी स्टेटसच्या पानावरील वॅनचा आयपी पत्ता वाचावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा जोडणीवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, म्हणजे बाहेरून आलेली मागणी राउटरमधून थेट कॅमेऱ्याकडे पाठवण्याची सोय, चालत नाही. कॅमेरा कंपनीच्या अॅपचा आधार घ्यावा किंवा स्थिर आयपी विकत मागावा.

वायफायचे नाव, पासवर्ड आणि चॅनेल

नावात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक घालू नये. ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. देवनागरी नाव बऱ्याच मोबाइलवर नीट दिसते, पण जुन्या टीव्हीवर आणि प्रिंटरवर त्याची चौकोनी चिन्हे होतात, म्हणून इंग्रजी अक्षरेच बरी. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा असावा. परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक लिहिले, तर तो घरच्यांच्या लक्षात राहतो आणि बाहेरच्याला सुचत नाही. जन्मतारीख, मोबाइल क्रमांक आणि गाडीचा नंबर हे तिन्ही वर्ज्य.

सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर ‘डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय घ्यावा, म्हणजे जुनी उपकरणेही चालतात. तो नसेल तर ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’. ‘डब्ल्यूईपी’ कधीच घेऊ नये. ‘डब्ल्यूपीएस’ ही बटण दाबून किंवा पिन देऊन जोडण्याची सोय बंद करावी. तिची पिन आठ आकडी असली तरी ती दोन तुकड्यांत तपासली जात असल्याने सुमारे ११,००० प्रयत्नांत ती शोधता येते, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

२.४ गिगाहर्ट्झचा बँड लांब जातो, पण त्यावर गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण भिंतीशी हार मानतो. दोन्हींना एकच नाव दिले तर मोबाइल स्वतः निवड करतो आणि घरच्यांना विचार करावा लागत नाही. मात्र स्मार्ट बल्ब आणि स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात आणि जोडताना अडतात, म्हणून ती उपकरणे असणाऱ्यांनी नावे वेगळी ठेवावीत.

२.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. विश्रामबागेतल्या एखाद्या इमारतीत जिन्यात उभे राहून मोबाइल पाहिला, तर शेजाऱ्यांची भरपूर वायफाय नावे दिसतात आणि ती सगळी या तिघांतच कोंबलेली असतात. वायफाय तपासणारे एखादे अॅप घेऊन सर्वांत मोकळे चॅनेल निवडावे आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ४० केली की आकडा वाढतो पण गर्दीत प्रत्यक्ष वेग घटतो. दोन चॅनेलच्या मधले ३ किंवा ८ निवडण्याचा मोह टाळावा, त्याने दोन्हीकडचा गोंगाट अंगावर येतो. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ पासून पुढची चॅनेल आणि ८० मेगाहर्ट्झची रुंदी बहुतेकांना पुरते. मधली काही चॅनेल रडारशी सामाईक असतात. रडारचा संकेत जाणवला की राउटर ते चॅनेल सोडतो आणि काही क्षण वायफाय गायब होते. मळ्यातील एकट्या घराला हा सगळा विचार करण्याचे कारण नाही, ‘ऑटो’ ठेवावे.

उरलेली सेटिंग

फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरच्या आतील प्रोग्रॅमच्या, अपडेटचे पान उघडून नवी आवृत्ती घ्यावी आणि ती बसत असताना वीज जाणार नाही याची खात्री करावी, कारण अर्धवट अपडेटने राउटर कायमचा बंद पडू शकतो. बाहेरून राउटर चालवण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सोय बंद असल्याचे पाहावे. पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट उपकरणांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे. डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, रकान्यांत आपण न भरलेले अनोळखी पत्ते दिसले, तर ते आपल्या सेवा देणाऱ्याचे आहेत का हे विचारून घ्यावे. राउटरमध्ये शिरलेला माणूस बऱ्याचदा पहिला बदल येथेच करतो आणि खऱ्या संकेतस्थळाच्या नावाखाली खोटे पान दाखवतो. टाइम झोन भारताचा निवडावा, नाहीतर मुलांसाठी लावलेली रात्रीची बंदी भलत्याच वेळी सुरू होते.

वेग तपासताना आधी केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर तपासावा. तेथे प्लॅनइतका वेग मिळाला आणि खोलीत मिळाला नाही, तर दोष वायफायचा आहे, कंपनीचा नव्हे. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरवताना सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने हे बरोबरच आहे, फसवणूक नाही. मागच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नसेल, तर तेथपर्यंत केबल नेऊन दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणे सर्वांत खात्रीचे. केबल शक्य नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वायफाय पसरवणाऱ्या पेट्या. स्वस्त रिपीटर त्याच लहरींवर ऐकतो आणि त्याच लहरींवर बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

सर्व मनासारखे चालू लागले की ‘बॅकअप’च्या पानावरून सेटिंगची फाइल उतरवून ठेवावी. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबले की तो कारखान्यातील स्थितीला जातो. पासवर्ड विसरल्यास हाच उपाय असतो. इतर कारणाने तसे करावे लागले, तर ही फाइल परत चढवली की दोन मिनिटांत सगळे जागेवर येते; विसरलेला अॅडमिन पासवर्ड मात्र तिच्यासोबत परत येऊ शकतो. कंपनीच्या ओएनटीवरील तसले छिद्र मात्र कोणी दाबू नये, घरातील मुलांनाही तसे सांगून ठेवावे. तिच्यातील काही सेटिंग कंपनीलाच भरता येतात आणि ती पुसली गेली, तर टेक्निशियन पुन्हा येईपर्यंत घरात नेट नसते.